आईच्या खोलीला दार

"तुझ्या आईला कधी दार लागलं नाही," बाबा म्हणाले आणि वाकून त्यांनी चौकटीला टेप लावला.

लेक टेपचं दुसरं टोक धरून उंबऱ्यात उभी होती. "आईची गोष्ट वेगळी होती."

"वेगळी म्हणजे?"

"तिचं सगळं डोक्यात असायचं. मला विचारून विचारून करावं लागतं. बायका असताना मोठ्यानं कसं विचारणार?"

बाबांनी कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर रेघ मारली. आई गेल्यापासून त्यांनी रंधा हातात धरला नव्हता. गिऱ्हाइकं येत, ओट्यावर बसत, चार शब्द बोलून परत जात. लेकीनं दार मागितलं तेव्हा ते उठले. मग मागच्या पडवीत गेले आणि तिथं उभ्या करून ठेवलेल्या फळ्या एकेक करून पुढं आणू लागले. स्वयंपाकघरातल्या फडताळासाठी राखून ठेवलेल्या फळ्या होत्या त्या. आई कित्येक वर्षं मागे लागली होती, आणि ते 'करतो, करतो' म्हणत राहिले होते. लेकीनं त्या ओळखल्या आणि एकीचं दुसरं टोक उचललं.

खोली रस्त्याला लागून होती. वर पत्रा, खाली फरशी, समोर एक लांब बाक. रस्त्याच्या पलीकडं चहावाल्या मावशीची टपरी आणि तिच्या शेजारी फळांच्या शेडचं लोखंडी फाटक. या खोलीला गाव मदतघर म्हणायचं. शहरातली एक संस्था दूध पावडर, औषधं, साबण, पांघरुणं पाठवायची आणि आई ती वाटायची. दाराच्या जागी गोणपाटाचा पडदा होता, तोही खिळ्याला गुंडाळून ठेवलेला. आई चाळणी घेऊन धान्य चाळत बसायची, भोवती बायका, आणि सगळ्यांच्या बोलण्यात एखादी आपलं दुखणं असं टाकून जायची, की शेजारणीला वाटावं, भाजीबद्दल बोलतेय. आई मान वर करायची नाही. दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या पिशवीत औषध असायचं.

लेक शहरात एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. आईच्या आजारपणात रजा घेऊन आली आणि हिवाळा संपताना आई गेली, आणि लेक इथंच राहून गेली. संस्थेनं विचारलं, पुढं कोण? बाबांनी लेकीकडं पाहिलं. लेकीनं हो म्हटलं खरं, पण पहिल्याच आठवड्यात तिच्या ध्यानात आलं की आईनं गाव मागं ठेवलं होतं आणि किल्ली सोबत नेली होती.

म्हणून संस्थेच्या बाईंनी ते यंत्र दिलं. पाटीएवढी काच. तिच्याशी बोलायचं, लिहायचं, ती उत्तर देते. "याचं बोलणं बाहेर जात नाही," बाई म्हणाल्या होत्या. "आमच्याकडेही येत नाही. तुमच्या अंगठ्यानं उघडतं आणि बंद केलं की झालेलं बोलणं पुसलं जातं. तरी कुणाचं नाव घालायचं नाही. आणि कुणाचं खासगी काही असलं तर बंद खोलीत बसूनच विचारायचं." लेकीनं मान डोलावली होती. छापखान्यात ती दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरायची. सांगितलेलं तंतोतंत करायची तिला सवय होती.

दार छान झालं. बाबांनी फळ्या एकमेकींत अशा बसवल्या की मधून उजेडाची रेघही येईना. बिजागऱ्यांना तेल घातलं, दार लावून ते बाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "आतून काहीतरी बोल."

लेक आतून म्हणाली, "बाबा, जेवायला चला."

"ऐकू आलं नाही," बाबा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला.

त्या उन्हाळ्यात नदीनं फारच लवकर पाठ फिरवली. आधी घाट उघडा पडला, मग घाटाखालचे दगड, मग कुणी कधी न पाहिलेली वाळू. पहाटे लेक आणि बाबा वाळूत खड्डा करून बसत. पाणी पाझरून येईपर्यंत वाट पाहायची, वाटीनं भरायचं, फडक्यातून गाळायचं. बाबांचा गुडघा वाळूत रुतला की त्यांना उठताना लेकीचा खांदा लागायचा. हंडा तिच्या डोक्यावर, कळशी त्यांच्या हातात.

शेडमध्ये फळं धुवायच्या टाक्या होत्या. त्यातली एक कोरडी पडली आणि तिच्यावरच्या बायकांना मुकादमानं दुसऱ्या टाक्यांवर उभं केलं. बायका खांद्याला खांदा लावून फळं निवडू लागल्या. जागा कमी, पाणी कमी, म्हणजे लवकरच हातही कमी होणार हे सांगायला कुणी लागत नव्हतं. मुकादम फाटकाशी खुर्ची टाकून बसायचा आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीला वरून खालपर्यंत पाहायचा.

"बाजारात बैल बघतात तसा बघतो मेला," चहावाली मावशी म्हणायची. "एक दिवस दातसुद्धा मोजेल."

मदतघरात लेकीचं बस्तान हळूहळू बसत चाललं. कुणाच्या पोराला कोणतं औषध जेवणाआधी, कोणतं नंतर, दवाखान्यातून आलेल्या इंग्रजी कागदाचा अर्थ काय, पावडर कमी आली तर तान्ह्यांना आधी कशी द्यायची, हे सगळं ती काचेला विचारायची. काच सरळ सांगायची आणि ठाऊक नसलं तर तसंही सांगायची. साध्या कामाला दार उघडंच असायचं. मोठं काही असलं की लेक उठायची, दार लावायची आणि मग विचारायची. बायकांना त्या यंत्राची गंमत वाटायची. त्यांनी त्या काचेचं नाव ठेवलं होतं मुकी.

"ही मुकी बरी," एक म्हातारी म्हणाली होती. "ऐकते पण चुगली करत नाही. माझ्या सुनेला दाखवा हिला."

त्याच दिवसांत सुतळी आली.

सुतळी शेडमधली निवडणारी. अंगानं बारीक, म्हणून सुतळी. पण ओढली तर तुटायची नाही, हेही त्यात होतं. नवरा कधीचा निघून गेला होता, दोन मुली होत्या, आणि राहायची खोली शेडवाल्यांचीच होती. काम गेलं की खोली गेली. दुपारच्या सुट्टीत ती आली, बाकावरच्या बायकांना दोन टोमणे मारून त्यांना हसवलं आणि आत येऊन म्हणाली, "ताई, भाजलंय. काहीतरी लावायला द्या."

मनगटाच्या वर चांगलाच मोठा फोड होता. लेकीनं मलम काढलं. फोड फुटलेला, कडा लाल, आणि तरी सुतळी शांतपणे हात पुढं करून उभी होती. लेकीनं चुकून जोरात दाबलं. सुतळी बाहेर टपरीकडं बघत होती.

"दुखत नाही?"

"नाही ना. तीच तर गंमत आहे. पातेल्याला हात चिकटला तरी कळलं नाही. वास आला तेव्हा कळलं." ती हसली. मग तिनं हसू आवरलं आणि बाही आणखी वर केली. कोपराखाली फिकट चट्टा होता, रुपयाहून मोठा, कडेला जरासा उचललेला. "हा पावसाळ्यापासून आहे. इथं टोचलं तरी कळत नाही."

लेक उठली आणि तिनं दार लावलं.

आत एकदम अंधारलं. पत्रा तापलेला होता, दोघींनाही घाम फुटला. लेकीनं नाव न घालता मुकीला सगळं सांगितलं. मुकीनं हळूहळू विचारलं: चट्टा किती दिवसांचा, आणखी कुठं आहे का, बोटांत जोर आहे का, पायाला मुंग्या येतात का. मग म्हणाली, "मी डॉक्टर नाही आणि इथून पक्कं सांगता येणार नाही. पण बधिर चट्टा लगेच दाखवायला हवा. कुष्ठरोगाची शक्यता तपासून घ्या. तो असला तरी औषधानं पूर्ण बरा होतो, आणि औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागत नाही. उशीर झाला तर मात्र हाताची नस कायमची दुखावू शकते."

सुतळी भिंतीला टेकली. बराच वेळ ती आपल्या हाताकडं बघत राहिली, कुणीतरी दुसऱ्याचा हात आणून तिला चिकटवला असावा तशी.

"हे बाहेर गेलं तर मला कुणी फळाला हात लावू देणार नाही," ती म्हणाली. "पोरींना कुणी पाणी देणार नाही."

"जाणार नाही."

"तुमच्या आईला सांगितलं असतं तर मी निश्चिंत झोपले असते. तुमचं..." तिनं काचेकडं हनुवटी केली. "हिचं काय?"

"ही कुणाला सांगत नाही. मी शब्द देते."

सुतळीचे डोळे कोरडे व्हायला, चेहरा पुसायला, पुन्हा टोमणे मारता येईल असा करायला वेळ लागला. लेकीनं तेवढा वेळ दार उघडलं नाही. तेही तिनं सुतळीच्या भल्यासाठीच केलं.

सुट्टीच्या दिवशी सुतळी मोठ्या गावच्या दवाखान्यात जाऊन आली. तेच निघालं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, काही महिन्यांच्या, आणि म्हणाले, कामावर जा, जेवण एकत्र करा, कुणाला काही होणार नाही. लेकीनं मुकीला विचारून भाजण्यापासून हात जपायच्या युक्त्या सुतळीला शिकवल्या: भांडं फडक्यानं धर, झोपताना बोटं तपासून बघ. सुतळीनं सगळं ऐकलं. औषध लागू पडायच्या आधीच तिच्या चालण्यात फरक दिसू लागला.

मग एका सकाळी मुकादमानं तिला फाटकाशी थांबवलं.

"काय गं, आत काय एवढं चाललं होतं त्या दिवशी?"

"कुठं आत?"

"मदतघरात. उगाच भोळी होऊ नकोस. काय लागलंय तुला?"

"भाजलं होतं," सुतळी म्हणाली आणि पट्टी दाखवली.

"भाजल्याला एवढा वेळ?" मुकादम म्हणाला. त्यानं तिला आत सोडलं, पण टाकीवर नाही. कोपऱ्यात एक मोडकं टेबल होतं, तिथं सडकी फळं वेगळी करायला एकटीला बसवलं. दुपारी तिनं माठावरचा पेला उचलला तर एक बाई म्हणाली, "तुझा हा घे गं," आणि कडेला ठेवलेला चेपलेला डबा पुढं केला. त्याच संध्याकाळी मुकादमानं सांगितलं की आठवडा संपला की काही बायका कमी करणार. आधी दुखणाईत.

सुतळी मदतघरात आली ती बसली नाही. बाकावर कुणी नव्हतं तरी हलक्या आवाजात बोलली.

"मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही हिला. तिसरं कुणी नव्हतं. मी सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं?"

"नाही."

"मग?" ती उत्तरासाठी थांबली नाही. जाताना तिनं उंबऱ्यातून पाय असा उचलून बाहेर टाकला, जणू तिथं काही सांडलं होतं.

लेकीला त्या रात्री जेवण जाईना. तिनं संस्थेच्या बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, ते शक्यच नाही, तसं बनवलेलंच नाही. लेकीनं फोन ठेवला आणि काच मांडीवर घेऊन तिलाच विचारलं, "तू कुणाला सांगितलंस?"

"नाही," मुकीनं सांगितलं. "मागचं बोलणं माझ्याकडे उरलेलं नाही, त्यामुळं तुम्ही कुणाबद्दल विचारता तेही मला ठाऊक नाही. मी कुणाला काही पाठवत नाही. तरी हे यंत्र तुमच्याशिवाय कुणी उघडलं का ते तपासा. आणि खोलीत किंवा खोलीबाहेर काय घडतं, ते मला दिसत नाही. गोष्ट तिथूनही बाहेर गेली असेल."

"चोरही हेच म्हणतो," लेक म्हणाली. तिनं काच फडक्यात गुंडाळली आणि बाबांच्या हत्यारांच्या पेटीत, करवतीखाली ठेवून दिली. मग उठून पुन्हा पाहून आली, नीट झाकली आहे ना. स्वतःच्याच घरात तिला कुणीतरी कान लावून बसल्यासारखं वाटत होतं.

दोन दिवस तिनं मुकीशिवाय काम चालवून पाहिलं. एका तान्ह्याचं औषध चुकता चुकता वाचलं. बायका बाकावर बसत, तिच्या तोंडाकडं पाहत, आणि 'काही नाही, सहज आले' म्हणून उठून जात. आईच्या जागेवर बसून तिनं आईसारखी चाळणीही हातात धरून पाहिली. कुणीच काही बोललं नाही. तिला कळेना, कान द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं.

बाबांना पेटीतली करवत हवी होती. त्यांनी फडकं पाहिलं, उलगडलं, परत गुंडाळलं. पहाटे वाळूतल्या खड्ड्याशी बसल्यावर ते म्हणाले, "तिला का कोंडलंस?"

लेकीनं सांगितलं. नाव न घेता, दुखणं न सांगता. तेवढं तिला आता जमत होतं.

बाबा खड्ड्यात पाणी पाझरताना बघत राहिले. "तिनं नाही सांगितलं."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मी बाकाचा पाय ठोकायला बसलो होतो त्या दिवशी. बायका बाकावरून उठून टपरीवर गेल्या होत्या. ती मावशी म्हणाली, लागलं बघा दार. दुसरी म्हणाली, मग मोठंच आहे. मुकादम चहा घेत होता. त्यानं विचारलं, आत कोण आहे?" बाबांनी वाटी उपसली. "मग तो बघत बसला. दार उघडेपर्यंत. त्याचा चहा निवला."

लेकीनं वाळूत बोटं खुपसली.

"मी बोलणार होतो. पण म्हटलं, पोरीनं एवढ्या हौसेनं..." ते थांबले. "दार चांगलं झालंय. त्यातून शब्द बाहेर येत नाही. पण लागलेलं दार दिसतं ना. या गावात दिवसाउजेडी दार कोण लावतं? मेलेल्याच्या घरीसुद्धा उघडं असतं."

पाणी गढूळ झालं होतं. तिनंच बोटांनी वाळू ढवळली होती. ती पुन्हा निवळायची वाट बघत दोघं बसून राहिले.

"काढून टाकू का?" बाबांनी विचारलं. "अर्ध्या तासाचं काम आहे."

लेकीनं फळ्यांचा विचार केला. मग सुतळीचा. आता दार काढलं तर गाव म्हणेल, एकीसाठी लागलं आणि काढलं. म्हणजे तिचंच काहीतरी होतं.

"नको," ती म्हणाली.

त्या दिवशी साबण मागायला आलेल्या पहिल्या बाईला ती म्हणाली, "आत या," आणि दार लावलं.

"अगं, मला साबण हवाय नुसता!"

"हो, देते. बसा. मुली कशा आहेत?"

"मुली? दोन्ही मुलगेच आहेत मला."

"मग मुलगे कसे आहेत?"

बाई गोंधळून बसली, मग सैलावली, मग थोरल्याच्या खोड्या सांगत सुटली. लेकीनं पुरेसा वेळ जाऊ दिला आणि दार उघडलं. पुढची आली. दार लागलं. तिच्यामागची आली. दार लागलं. म्हातारी कोंबड्यांबद्दल इतका वेळ बोलली की लेकीला वाटलं, आता आपल्यालाच अंडी उबवावी लागणार. बाबाही मुद्दाम आत येऊन बसले. दोघं तिथं गप्प बसून राहिले, आणि काय बोलायचं ते दोघांनाही सुचलं नाही. शेवटी बाबा म्हणाले, "ही बिजागरी जरा आवाज करते." लेक म्हणाली, "हो."

रस्त्यापलीकडून मावशी ओरडली, "काय साथ आलीय का गं गावात? सगळ्यांनाच मोठं दुखणं?"

"हो मावशी. तुम्ही पण या."

मावशी आली. दार लागल्यावर आधी ती हसली. मग तिचं हसू गेलं. "तू हे कशासाठी करतेस ते कळलं मला," ती म्हणाली. "माझ्याच तोंडानं आग लागली ना?" लेकीनं दार उघडलं. मावशी पदराला हात पुसत बाहेर गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून शेडच्या बायका सुट्टीत बाकावर ओळीनं बसू लागल्या. कुणी काही विचारलं नाही. कुणाला किती कळलं होतं, हेही लेकीला कळलं नाही. सुतळीला चेपलेला डबा देणारी बाईसुद्धा येऊन बसून गेली. ती आत नुसती नखं कुरतडत राहिली.

मुकीला लेकीनं पेटीतून बाहेर काढलं होतं. माफी मागावी असं तिला वाटलं, पण मागचं मुकीला आठवणारच नव्हतं, तेव्हा माफी कुणाची मागायची?

आठवडा संपायच्या आदल्या दुपारी मुकादम स्वतः आला. बाकावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. तो उंबऱ्यात थांबला.

"हे काय नाटक चालवलंय?"

"कसलं नाटक?"

"मला सरळ सांगायचं. सुतळीला काय आहे?"

लेकीनं चाळणी बाजूला ठेवली. ती उठली. "आत या, मुकादम. इथं सगळ्यांचं दार लावूनच ऐकते."

तो रागात होता, म्हणून आत आला. दार लागल्यावर क्षणभर तो भांबावल्यासारखा उभा राहिला, मग चाचपडत स्टुलावर बसला. लेकीच्या डोक्यात एकच होतं: याला वेळ लागला पाहिजे. बाहेर बायका बघतायत. जेवढा वेळ तो आत, तेवढं त्याचं दुखणं मोठं.

"सांग," तो म्हणाला. "नाहीतर मी सातआठ जणींना काढतो. मग त्यांचं पाप तुझ्या डोक्यावर."

"मी इथलं कुणाचंच सांगत नाही."

"आणि ही?" त्यानं काचेकडं बोट केलं. बोट काचेच्या बरंच बाजूला गेलं.

"तीही नाही. विचारा तिलाच."

हे ती वेळ काढायला म्हणाली होती. मुकादम खरोखर पुढं वाकला. त्याला कसं बोलायचं ते ठाऊक नव्हतं, तो दरडावल्यासारखा म्हणाला, "ए, तुला सांगितलेलं कुठं जातं?"

"कुठेच नाही," मुकी म्हणाली. "इथंच राहतं आणि बंद केल्यावर पुसलं जातं. पण खोलीतल्या माणसांचं मला सांगता येत नाही."

मुकादम बसून राहिला. घाम त्याच्या कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. लेकीला वाटलं, तो आता उठेल. तो उठला नाही.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. लेकीला नव्हे, काचेला. आवाज इतका खाली आला की तो त्याचा वाटेना. "ऊन कललं की वजनकाट्यावरचा आकडा दिसत नाही. मधलं दिसतं, कडेचं जातं. फाटकातून कोण आलं ते मी चालीवरून ओळखतो. हे... चष्म्यानं जातं का?"

मुकीनं विचारायला सुरुवात केली. किती दिवसांपासून, दोन्ही डोळ्यांना का, घरात आणखी कुणाला होतं का. वडलांना होतं, तो म्हणाला. शेवटी त्यांना हात धरून न्यावं लागायचं. मुकी म्हणाली, डोळ्यांच्या डॉक्टरांना लवकर दाखवा, लवकर कळलं तर पुष्कळदा पुढचं वाचवता येतं. मुकादम मान हलवत राहिला. मालकाला कळलं तर, असं म्हणून त्यानं वाक्य सोडून दिलं.

लेक भिंतीशी उभी होती. तिनं त्याला आत कोंडलं होतं ते बाहेरच्यांना दाखवायला. आता तिला दार उघडायचं धैर्य होईना. पण न उघडून आणखीच वाईट होणार होतं.

तिनं दार उघडलं.

ऊन आत कोसळलं. बाकावरच्या साऱ्या बायका मुकादमाच्या तोंडाकडं बघत होत्या. टपरीवर मावशीच्या हातातली गाळणी तशीच राहिली होती. मुकादम उंबऱ्यात थांबला, डोळे मिचकावले, आणि त्याच्या चेहऱ्यावरून लेकीला कळलं की लागलेल्या दाराचा अर्थ आता त्यालाही कळला. त्यानं तिच्याकडं वळून पाहिलं. शिवी आली असती तर बरं झालं असतं. तो पायरी चाचपून उतरला आणि रस्ता ओलांडून गेला. बाकावरच्या एकीनं त्याला वाट देताना आपला पदर जरा जास्तच आवरून घेतला.

"काय गं झालंय त्याला?" मावशीनं ओरडून विचारलं.

"पुढची कोण आहे?" लेक म्हणाली.

रात्रभर तिला वाटत राहिलं, सकाळी तो सगळ्यांनाच काढेल. पहाटे खड्ड्याशी तिनं भरलेली वाटी परत वाळूतच ओतली, तेव्हा वाटी बाबांनी घेतली. परत येताना शेडच्या फाटकाशी बायकांची रांग लागलेली होती. लेक डोक्यावर हंडा घेऊन रस्त्याच्या कडेला थांबली. बाबाही थांबले.

मुकादम खुर्चीत नव्हता, उभा होता. तिघीचौघींना त्यानं बाजूला काढलं होतं. त्या भिंतीशी उभ्या होत्या, एक रडत होती. त्या कोणत्या हिशेबानं निवडल्या ते कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. लेकीला त्यांची तोंडं बघवेनात. मग सुतळीची पाळी आली. तिनं मान खाली घातली नव्हती. मुकादमानं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून रस्त्यापलीकडं, जिथं लेक उभी होती तिथं. इतक्या लांबचं त्याला दिसत होतं की नाही, कोण जाणे.

"टाकीवर जा," तो सुतळीला म्हणाला. "उजेड आहे तोवर हात चालव."

सुतळी आत गेली. बाबा म्हणाले, "असं काय बोलला तो? आत्ता तर सकाळ झालीय."

"कुणास ठाऊक," लेक म्हणाली. हंड्यातलं पाणी हिंदकळून तिच्या कपाळावर सांडलं, आणि तिनं ते पुसलं नाही.